किल्लीबदल

रविवारी सकाळी त्या बंद साखर कारखान्याच्या गाडीतळावर कोणी नवखा आला असता, तर आल्या पावली परत फिरला असता. एकेकाळी जिथं उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या राहायच्या, त्या मैदानात केशरी शंकू मांडले होते. आणि त्या शंकूंमधून दहा-बारा पोक्त माणसं, दोन्ही हात छातीसमोर धरून, हवेतच स्टीअरिंग फिरवत चालली होती. कुणी तोंडानं 'डावा, उजवा, आता रिव्हर्स' असं पुटपुटत होतं. एक बाई तर शेवटच्या शंकूपाशी थबकल्या आणि मान वळवून उलट्या पावलांनी मागे आल्या.

ही पायफेरी होती. मोटारखाना म्हणजे काही नुसत्या वेगाची शर्यत नव्हे. एका वेळी एकच गाडी, मोकळं मैदान आणि शंकूंमधून पुढे-मागे, गिरक्या घेत जायची ठरलेली वाट. वाट पाठ पाहिजे, शंकू पडता कामा नये, आणि घड्याळ तर चालूच असतं. म्हणून गाडीत बसण्याआधी वाट पायाखालून घालायची आणि हातांना सराव द्यायचा, असा कोल्हापूरच्या या हातचालक क्लबचा रिवाज होता. लोक हसत. पण हसणारे तरी स्वतः कुठं गाडी चालवत होते? फाटकाबाहेरच्या हमरस्त्यावर गाड्या आपल्या आपण धावत होत्या आणि आतली मंडळी मिसळ खात होती, नाहीतर घोरत होती.

हातानं गाडी चालवायची तर आता वेगळा परवाना लागे. साठी उलटलेल्यांना तो दर वर्षी अशा क्लबात येऊन टिकवावा लागे. सकाळी मोटारखाना आणि दुपारी ट्रॅकवरच्या फेऱ्या. ट्रॅक म्हणजे गोदामांना वळसा घालणारा कारखान्याचाच जुना डांबरी रस्ता. दोन्ही नीट पार पडलं, तर क्लबचा तपासनीस काचेवर शिक्क्याची पट्टी चिकटवी. ती पट्टी नाही लागली, तर गाडी तिच्या मनानं चालणार आणि मालकानं हाताची घडी घालून बसायचं.

तपासनीस होते गजानन इंगवले. परिवहन खात्यात त्यांचा जन्म शिकाऊ चालकांच्या चाचण्या घेण्यात गेला होता, आणि संशय घेणं त्यांना श्वास घेण्याइतकं सवयीचं झालं होतं. दूधवाल्यावर संशय, हवामान खात्यावर संशय. अलीकडे तर शर्ट शिवणाऱ्या कंपन्यांवरसुद्धा, कारण मनगटाची गुंडी काही केल्या काजात जात नव्हती. दोरा वाचवायला या लोकांनी काजं बारीक केली आहेत, अशी त्यांची खात्री झाली होती. आज सकाळी शेवटी बायकोनंच ती गुंडी लावून दिली.

मैदानावर मात्र त्यांचा संशय एकाच माणसावर खिळला होता, आणि तो माणूस त्यांचा तरुणपणापासूनचा दोस्त होता. विश्राम सरनोबत.

पंधरवड्यापूर्वी विश्राम त्यांच्याकडे चहाला आला होता. त्यानं कप उचलला तो बशीवर तडतडत, आणि निम्मा चहा मांडीवर सांडला. गजाननरावांनी न पाहिल्यासारखं केलं, पण पाहिलं. या हातांनी विश्राम यंदा चाचणीला उतरणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. विश्रामचं घर गगनबावड्याच्या अंगाला, डोंगरात. तिथल्या दगडी वाटेवर आपल्या आपण चालणाऱ्या गाड्या जात नाहीत; फाट्यावर थांबून 'पुढे रस्ता नाही' म्हणतात. परवाना गेला, तर विश्रामला घराला कुलूप लावून पुण्याला मुलाकडे राहायला जावं लागणार होतं. तिथं बाराव्या मजल्यावर तो सुकून जाईल, हे कुणीही सांगितलं असतं.

आणि तोच विश्राम आज सुईत दोरा ओवावा तशी गाडी शंकूंमधून ओवत होता. रिव्हर्सची गिरकी अशी साधली, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गजाननरावांनी टाळी वाजवली नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

बरं, चालवणारा विश्रामच होता, यात वाद नव्हता. प्रत्येक उजव्या वळणाआधी गाडी किंचित डावीकडे झुकत होती, ती विश्रामची जन्माची खोड. तरुणपणी त्यानं याच कारखान्याला ऊस वाहिला होता, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून. ट्रॉली वळवायची तर आधी उलट्या अंगाला झोका द्यावा लागतो. ट्रॉल्या गेल्या, झोका राहिला. गजाननरावांचीही खोड होतीच. शिकाऊ पोरांच्या डाव्या बाजूला बसून, गाडी आता खांबाला घासते की मग घासते, अशा धास्तीत सगळी नोकरी काढल्यानं ते स्वतः चालवतानाही डावीकडे हातभर जादा जागा सोडत. इंगवल्यांच्या डावीकडून बैलगाडी जाईल, असं क्लबात म्हणत.

विश्रामची गाडी त्यांनी सकाळीच डोळ्यांत तेल घालून तपासली होती. बॉनेट उघडलं, सीटखाली हात घातला, स्टीअरिंगच्या मागे बॅटरी मारून पाहिलं. कुठं जादा पेटी नाही, जादा वायर नाही. गाडी त्यांच्या स्वतःच्या गाडीसारखीच होती. दोघांनी एकाच दिवाळीत, एकाच दुकानातून घेतलेली.

शेवटी ते शबनम मुजावरकडे गेले. शबनम क्लबचं घड्याळ सांभाळायची, आणि एरवी गाड्यांच्या संगणकांची इंजिनिअर होती. विश्रामचं नाव न घेता त्यांनी विचारलं, की कापऱ्या हाताची गाडी सरळ जाऊ शकते का. शबनम म्हणाली, का नाही जाणार. आताच्या गाडीत स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा नसतोच. तार असते, आणि तारेच्या मधे संगणक. हात काय म्हणतो ते संगणक ऐकतो आणि चाकांना सांगतो. आता जो निरोप पोचवतो, त्याला तो सुधारूनही सांगता येतो. लिहिणाऱ्याचं जसं अक्षर, तसं चालवणाऱ्याचं हातवळण असतं. ते शिकून घेणारी एक प्रणाली निघाली आहे. तिला 'पूरक हात' म्हणतात.

"ती आधी महिनोन्महिने नुसती शिकत बसते, काका," शबनम म्हणाली. "हात चुकायला लागला की मगच मधे पडते. आणि मधे पडलेली चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

"मग ओळखायची कशी?"

"गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवून बघायची. शिकलेली गाडी मालकाच्या खोड्या करते."

ही प्रणाली हल्ली कोणकोणत्या गाड्यांत आधीपासूनच घालून देतात, तेही ती पुढे सांगत होती. पण गजाननरावांना हवं ते मिळालं होतं. ते केव्हाच वळून चालू लागले होते.

क्लबात आणखी एक रिवाज होता, किल्लीबदल. दुपारच्या ट्रॅकच्या फेऱ्या आटोपल्या की सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या एका हेल्मेटमध्ये टाकायच्या आणि ज्याची किल्ली हाती येईल त्याची गाडी घेऊन सकाळचाच मोटारखाना पुन्हा करायचा. आपल्या गाडीचं कौतुक कुणीही सांगतं; दुसऱ्याच्या गाडीत माणसाचा कस लागतो, असं जुने लोक म्हणत. ट्रॅकवर विश्राम पुन्हा बिनचूक चालवून आला, तेव्हा गजाननराव हेल्मेटपाशी जाऊनच उभे राहिले. त्यांनी न बघता हात घातल्याचं नाटक केलं आणि विश्रामची किल्ली काढली. विश्राम त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग त्यानं दुसरी कुठलीही न शोधता गजाननरावांची किल्ली उचलली.

गजाननराव विश्रामच्या गाडीत बसले. पहिल्या उजव्या वळणापाशी त्यांनी स्टीअरिंग अगदी घट्ट, सरळ धरलं. गाडी किंचित डावीकडे झुकली. मग उजवीकडे वळली.

दुसऱ्या वळणापाशी पुन्हा तेच. त्यांच्या हातांनी तसं काही केलं नव्हतं. दिसायला नुसता एक झोका, पण त्यांच्या अंगावर काटा आला. शेजारी कुणीतरी बसलंय आणि हळूच आपल्या हातावर हात ठेवतंय असं त्यांना वाटलं. तिसऱ्या वळणापर्यंत भीती ओसरली आणि तिच्या जागी विजय आला. सापडला! संशय खरा ठरल्याचा आनंद फार वाईट असतो, पण तो असतो.

फेरी संपवून ते वजनकाट्याच्या छपराखाली जाऊन उभे राहिले. मैदानात आता विश्राम त्यांची गाडी चालवत होता, पण त्यांनी तिकडे मान वर करूनही पाहिलं नाही. दोस्ताला काय बोलायचं आणि किती कडक बोलायचं, याचीच ते जुळवाजुळव करत होते. विश्राम आला, तेव्हा शबनमही तिथं होती. गजाननरावांनी तिच्यादेखत सांगितलं, की तुझ्या काचेवर पट्टी लागणार नाही. झोका तुझा नाही, गाडीचा आहे.

विश्रामनं नाकारलं नाही. गाडी घेताना 'पूरक हात' नको म्हटला होता, पण गेल्या सर्व्हिसिंगला दुकानदारानं पुन्हा विचारलं आणि आपण हो म्हटलं, असं त्यानं सरळ सांगितलं. घर सोडायचं नव्हतं, म्हणाला. सकाळी उठून त्या डोंगराकडे बघितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नव्हता.

"ती प्रणाली हात चुकायला लागल्याशिवाय मधे पडत नाही," गजाननराव म्हणाले. "म्हणजे तुझा हात गेला, विश्राम. हे मी नाही, गाडी सांगते आहे."

"व्हय, गेला," विश्राम म्हणाला. "नको लावू पट्टी. पण गजा, एक सांगू? मी आत्ता तुझी गाडी डाव्या शंकूला चिकटवून घ्यायला बघत होतो. माझी सवयच आहे तशी, तुला ठाऊक आहे. तर गाडी आपली हातभर लांब. प्रत्येक डाव्या शंकूला हातभर लांब."

गजाननराव आधी हसले. मग त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं.

त्यांनी दुकानदाराला कशालाच हो म्हटलं नव्हतं. पण नकोही म्हटलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गाडी घेताना पडद्यावर काय काय आलं होतं आणि त्यांनी 'पुढे, पुढे' करत घाईनं बोट दाबलं होतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं तेवढं एक वाचलं नव्हतं. सकाळी शबनम जे सांगत होती आणि जे त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं, ते आता त्यांना न ऐकताच कळलं.

"तुझाच हात कापत होता," ते घाईनं म्हणाले. "तुझ्या हातानं ती जागी झाली असणार. माझ्या हाताखाली ती नुसती शिकत होती." आणि त्यांनी शबनमकडे पाहिलं. चाचणीला आलेली पोरं पूर्वी त्यांच्याकडे अशीच पाहायची.

"एका फेरीत ती सहसा जागी होत नाही, काका," शबनम खालच्या आवाजात म्हणाली. "पण छातीवर हात ठेवून मला नाही सांगता येणार."

गजाननरावांना भीती वाटली. पट्टीची नव्हे, क्लबची नव्हे. गेलं वर्षभर आपण बरे चालवत होतो, ते कोण चालवत होतं, याची.

विश्रामनं छपराच्या खांबावर टांगलेली एक किल्ली काढली. ती क्लबच्या जुन्या पेट्रोल गाडीची होती. तिला सगळे म्हातारी म्हणत. तिच्यात संगणक नव्हता. स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत सरळ लोखंडी दांडा होता. नव्या सभासदांना जुन्या काळची गंमत दाखवायला तिला वर्षातून एकदा बाहेर काढत.

"म्हातारीला खोटं बोलता येत नाही," विश्राम म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हे गजाननरावांना जास्त लागलं. "आधी तू जा. मग मी जातो. जे होईल ते दोघांचं."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. गजाननराव म्हातारीत बसले. आतला पेट्रोलचा जुना वास नाकात गेला आणि एक क्षण बरं वाटलं. त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, घरघरलं आणि चालू झालं.

हात थरथरत होते.

पण सगळी गाडीच थरथरत होती. आरसा थरथरत होता, दार थरथरत होतं, समोरच्या काचेत दिसणारे केशरी शंकूसुद्धा थरथरत होते. जुनी इंजिनं अशीच असतात, त्यांनी स्वतःला सांगितलं. यात हाताचं किती आणि इंजिनाचं किती, कोण सांगणार?

त्यांची नजर मनगटावर गेली. सकाळी बायकोनं लावून दिलेली गुंडी व्यवस्थित बसली होती. काज चांगलं मोठं होतं.

पलीकडे छपराच्या कडेला विश्राम उभा होता, दोन्ही हात खिशात घालून. शबनमनं झेंडा वर केला होता आणि ती त्यांच्या मान हलवण्याची वाट बघत होती. गजाननरावांचा उजवा हात स्टीअरिंगवरून निघाला आणि किल्लीपाशी येऊन थांबला. इंजिन बंद केलं, की एका क्षणात कळणार होतं. मान हलवली, की फेरी संपेपर्यंत तरी कळणार नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे हात तपासलेल्या माणसानं आता आपला हात बघायचा, की समोरचा डावा शंकू?