जिन्याखालचं टेबल

विगानमध्ये उतरायचं कुठं, असं कुणी विचारलं तर गावातले लोक बसिलियाचं नाव घेतात, आणि खायचं कुठं म्हटलं तरी तिचंच. दगडी रस्ता संपतो तिथं डाव्या हाताला तिचं घर. वर शिंपल्यांच्या खिडक्यांच्या खोल्या मनिलाकडून येणाऱ्या प्रवाशांसाठी, खाली खाणावळ, दारात टांगे उभे. सकाळी सिनंगलाव, म्हणजे आतड्यांचा आंबटढाण रस्सा, आणि संध्याकाळी कढईतून निघालेला एम्पानादा, म्हणजे तिखट सारणाची करंजी. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला चव अशी की शिव्या खाऊनही लोक परत जेवायला येत.

तिच्याकडं आणखी एका तऱ्हेचं गिऱ्हाईक येई. मयताला जाऊन आलेलं. आमच्याकडं मयताहून कुणी थेट घरी जात नाही. गेलेला माणूस मागोमाग येतो ना! म्हणून वाटेत कुठंतरी टेकायचं, चार घास खायचे, त्याला तिथंच झटकायचं आणि मग घरची वाट धरायची. दफनभूमी बसिलियाच्या घराजवळ, त्यामुळे सगळे तिच्याकडंच टेकत. "मेल्यांनो, तुमची पीडा माझ्या गळ्यात," असं म्हणत ती रस्सा वाढायची. सगळे उठून गेले की दारापर्यंत झाडू मारत नेऊन सांगायची, "जा बाबांनो, तुमची वाट पुढं आहे." एवढं पुरत असे.

प्रवाशांकडून मात्र ती वेगळंच वदवून घ्यायची. परक्या जागेतून निघताना उंबऱ्यावर उभं राहून स्वतःचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "चल, मागं राहू नकोस." नाहीतर देह पुढं जातो आणि जीव तिथंच रमतो. मनिलाचे लोक हसायचे. हसा खुशाल, पण म्हटल्याशिवाय ती पिशवी उचलू द्यायची नाही.

त्या दिवशी सकाळी ती रस्सा ढवळत होती. वरच्या खोलीतलं नवं जोडपं खाली आलं, भलतंच खुशीत.

"मनांग बसिलिया, तुमचा टांगेवाला लाखात एक हो!" नवरा म्हणाला. मनांग म्हणजे ताई. तिला सगळं गाव मनांगच म्हणे.

"कुठला टांगेवाला?"

"जिन्याखालच्या टेबलावर बसतात ते. काय माहिती आहे माणसाला! घंटाघरावर ऊन उतरल्यावर जा म्हणाले, एम्पानादा खायचा तर चर्चसमोरच्या म्हातारीकडं पण बघून या, आणि रांजणांच्या भट्टीवर गेलात तर कुंभाराला आमचं नाव सांगा..."

"काय नाव?"

"दोरो."

बसिलियाच्या हातातली पळी थांबली.

"पुढचा दात पडलाय... त्यांचा?"

"हो, तेच. रस्सा मात्र पीत नाहीत. नुसते वाडग्यावर वाकून बसतात."

दोरो तिच्या धाकट्या बहिणीचा, ओलिंगचा नवरा. तापानं गेला, आणि त्याला पुरून आठवडा उलटला होता.

त्याला तिथं उतरवला कुणी? तिनंच. पेटीवर शेवटचं फूल टाकताना ओलिंग खड्ड्यात वाकून म्हणाली होती, "चला हो, घरी चला." ते ऐकून बसिलियानं तिला मागं ओढलं. मेलेलं माणूस घरी आलं की एकटं परत जात नाही, बरोबर कुणाला तरी घेऊन जातं, हे तिला आईनं सांगितलेलं. म्हणून तिनं सगळ्यांना ओढून आपल्या खाणावळीत बसवलं, ओलिंगला बळेबळे रस्सा पाजला आणि मगच घरी सोडलं. पण संध्याकाळी झाडू घेऊन दाराशी गेली, आणि 'जा बाबा' हे शब्द काही तोंडातून फुटेनात. घरचाच माणूस. तिच्या हातचं किती वर्षं खाल्लेलं. त्याला कसं हाकलायचं?

असल्या गोष्टी गावात झाकून राहतात होय? दारातल्या टांगेवाल्यांनी ऐकलं, आणि दुपारी ओलिंग दारात.

दुपारची वेळ. सगळं विगान आडवं झालेलं. घोडीसुद्धा उभ्या उभ्या पेंगत होती. काळ्या कपड्यात ओलिंग उंबऱ्यावर उभी, डोळे खोल गेलेले.

"मनांग, माझा नवरा दे."

"अगं, आधी बस तरी. पाणी घे."

"मनिलाच्या लोकांशी गप्पा मारतो. त्यांना गाव दाखवतो. मलाच तेवढा दिसत नाही! तूच उतरवलंस त्याला इथं. रस्सा घे, रस्सा घे करत."

"तुझ्याच भल्यासाठी केलं, आदिंग, धाकटी तू माझी. तुला काही झालं असतं म्हणजे? तुझ्याशिवाय मला दुसरं आहे कोण?"

"आणि मला?"

ओलिंग जिन्याखालच्या टेबलाशी जाऊन बसली. समोरची खुर्ची तिनं स्वतःच्या हातानं मागं ओढली.

"दोन वाडगे आण."

बसिलियानं आणले. ठेवताना तिला वास आला. घोड्याच्या घामाचा, ओल्या गवताचा आणि कच्च्या तंबाखूचा. दारातून नव्हे, खुर्चीकडून. वाडगे तसेच टेकवून ती सरळ स्वयंपाकघरात पळाली.

तिथून तिला फक्त ओलिंग ऐकू येत होती. ओलिंग काहीतरी बोलायची... थांबायची... मग हळूच हसायची. मधल्या वेळात कुणीतरी बोलत होतं, एवढं नक्की. पण बसिलियाच्या कानावर त्यातला एक शब्द पडत नव्हता. आणि खरं सांगायचं तर बहिणीचं ते हसू ऐकून तिला रडूच आलं. दोरो आजारी पडल्यापासून ती हसलीच नव्हती.

बऱ्याच वेळानं खुर्ची वाजली. ओलिंग उंबऱ्यावर गेली आणि आत वळून लाडानं म्हणाली, "दोरो, चल. मागं राहू नकोस."

आणि गेली.

बसिलिया टेबल आवरायला आली. दोन्ही वाडगे काठोकाठ भरलेले. तिनं एकात बोट बुडवून चाटलं. मीठ नाही, आंबट नाही, कोमट पाणी नुसतं. जे वाडग्यावर वाकतात ते चवच तेवढी घेऊन जातात. मग तिनं दुसरा चाखला, ओलिंगचा. तोही तसाच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ओलिंगनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं. स्वतःचं घेतलंच नव्हतं.

"ओलिंग!" ती धावत बाहेर आली. दगडी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मनिलाचं जोडपं निघालं. बायको म्हणाली, "सकाळी त्या टांगेवाल्यांची मंडळी पण होती हो बरोबर. दोघं काय हसत होती! जोडा असावा तर असा."

बसिलिया चुलीवरचं तसंच टाकून बहिणीच्या घरी धावली. ओलिंग खिडकीत बसली होती. डोळे उघडे, श्वास चालू. हाक मारली तर मान वळत नव्हती. भाताचा घास तोंडात घातला तो तोंडातच राहिला. डॉक्टर म्हणाले धक्का बसलाय, पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं, शेजारणींनी अंगारे केले. ओलिंग दिवसेंदिवस वाळत चालली. बसिलिया रात्रंदिवस उशाशी. एकदा तिनं बहिणीचं मनगट धरलं. हाताला नुसतं हाड लागत होतं.

"तिथं तू सुखात असशील गं," ती रडत म्हणाली, "पण मी तुला अशी संपू देणार नाही."

टांगा आणवला, ओलिंगला उचलून घातली आणि त्याच दुपारच्या वेळी जिन्याखालच्या टेबलाशी आणून बसवली. वास होताच. आता त्यात ओलिंगच्या केसांना लावायच्या खोबरेलाचाही वास मिसळला होता. थोड्या वेळानं बसिलियानं तिला हाताला धरून उठवलं, उंबऱ्याशी आणलं. आधी आपलं नाव घेतलं. बाई शहाणी! मग आत वळून हाक मारली.

"ओलिंग... चल. मागं राहू नकोस."

काही नाही.

"ओलिंग, चल गं. ताई बोलावतेय."

टेबलाकडं कुजबुज झाली. नवरा-बायको चारचौघांत दबक्या आवाजात भांडतात ना, तशी. कुणीतरी नको नको म्हणत होतं. मग एक खुर्ची खर्रकन सरकली.

एकच.

बसिलियाच्या हातातला तो गार हात गरम झाला. बोटं वळली, तिच्या बोटांत घट्ट अडकली. ओलिंगनं डोळे मिचकावले, उन्हाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मनांग, भूक लागलीय."

बसिलियाच्या जिवात जीव आला. ती बहिणीच्या गळ्यात पडून लहान मुलासारखी रडली. त्या संध्याकाळी तिनं झाडू घेतला, आणि या खेपेला मन घट्ट करून दारापर्यंत नेऊन म्हणाली, "जा दोरो. तुझी वाट पुढं आहे. तिला सोड आता." घोड्याचा नि तंबाखूचा वाससुद्धा गेला.

ओलिंगला तिनं आपल्याकडंच ठेवून घेतलं. ओलिंग जेवू लागली, अंगानं भरली, स्वयंपाकघरात हाताखाली उभी राहू लागली. काळे कपडे तिनं काढून टाकले. एकदा बसिलिया म्हणाली, चल, दोरोच्या मातीवर दिवा लावून येऊ. ओलिंग हसली. "तिथं कोण आहे आता?" बसिलियाला वाटलं, चला, पोरगी सावरली.

पावसाळा सरता सरता लाओआगहून एक शाळामास्तरीण आली. चार दिवस राहिली, सगळं गाव पायी हिंडली. निघताना तिनं गुमान उंबऱ्यावर आपलं नाव घेतलं, पिशवी उचलली आणि जरा घुटमळली.

"मनांग, तुमच्या त्या बहिणीला आत घ्या हो. बिचारी एकटीच बसून असते जिन्याखाली."

"माझी बहीण? ती काय, आत कांदा चिरतेय."

"मग त्या काळ्या कपड्यातल्या बाई कोण? त्यांनीच मला सांगितलं, मी बसिलियाची बहीण म्हणून. आज सकाळी फार रडत होत्या. म्हणाल्या, ताईनं हाक मला मारली, पण उठला तो. मी नको नको म्हणत होते... मला मागं सारून गेला." मास्तरणीनं आवाज खाली आणला. "विचारत होत्या, ताई पुन्हा कधी हाक मारेल?"

बसिलियानं जिन्याखाली पाहिलं. रिकामी खुर्ची. टेबलावर काही नाही. तिच्या ओठांवर बहिणीचं नाव आलं, आणि तिथंच अडकलं.

आत सुरीचा आवाज थांबला होता.

"मनांग," स्वयंपाकघरातून ओलिंगच्या गोड आवाजात शब्द आले, "तिला म्हणावं, वाट बघू नकोस."