लिफ्टच्या पुस्तकातला जादा परिच्छेद

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्या हातातली विद्या ती लिहून काढायची. लिफ्टच्या देखभालीवरचं दोघांचं पुस्तक नेटवर सगळ्यांना खुलं होतं. कोणीही दुरुस्ती सुचवायची, तिने तपासून घ्यायची. एक स्वल्पविराम हलला तरी दूरचा सर्व्हर अख्खं पुस्तक आपोआप नव्याने बांधायचा. चार मिनिटांनी हिरवी खूण दिसली की काम झालं.

"माझ्यापेक्षा तुझा सर्व्हरच जास्त राबतो," नवरा म्हणायचा.

मंगळवारी तो कामावर गेल्यावर तिने एक आकृती बदलली. पुस्तक बांधून आलं, दोनशे बारा पानांचं. काल दोनशे अकरा होती. अपघातांच्या प्रकरणाला शेवटी एक परिच्छेद जोडला गेला होता. पाच मजली इमारत, लिफ्ट ज्यात वरखाली होते तो शाफ्ट, आत उतरलेला एकटा मेकॅनिक. लिहिण्याची धाटणी थेट नवऱ्याची.

तिने मूळ फाइल उघडली. तिथे तो परिच्छेद नव्हताच. बदलांच्या नोंदीत फक्त आकृती होती. जुनं काहीतरी अडकून बसलं असेल, म्हणून सर्व्हरवर साठलेलं सगळं पुसून तिने पुस्तक पुन्हा बांधायला लावलं.

परिच्छेद लांबला होता. आता त्यात वार होता, मंगळवार. मेकॅनिकच्या निळ्या शर्टाची डावी बाही उसवलेली होती.

सकाळीच सासूबाई त्याला म्हणाल्या होत्या, "अरे थांब, बाहीला टाका घालून देते." तो थांबला नव्हता.

तिने पुस्तक पुन्हा बांधायला लावलं. तिसऱ्या खेपेला वेळही आली. अकरा चाळीस. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"शाफ्टमध्ये उतरतोय. का गं?"

"उतरू नको. बाहेर ये. कारण विचारू नकोस."

तो हसला. पलीकडे लोखंडी दार आपटलं आणि फोन कट झाला. मग काही केल्या लागेना.

दीड वाजता तो घरी आला. धडधाकट. हातपाय धुऊन आईशेजारी जेवायला बसला.

"आलास ना बाहेर?" तिने विचारलं.

"आलो की."

तिचा जीव भांड्यात पडला. जेवण उरकल्यावर तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. परिच्छेद अजून तिथेच होता.

तो सावकाश वाचत गेला. चेहऱ्यावर नवल नव्हतं. कोणी सुचवलेली दुरुस्ती तपासताना पडायची तशी बारीक आठी होती फक्त.

शेवटच्या ओळीवर त्याने बोट टेकवलं.

"एवढं बदल. 'मेकॅनिक जागीच गेला' असं आलंय," तो म्हणाला. "जागीच नाही गं. बराच वेळ लागला."