पुतळीच्या अंगावरची कांचळी

नेमसिंग नाईक यवतमाळला पोहोचला तेव्हा अच्युत पांढरीपांडे यांची अर्धीच दाढी झाली होती. खासगी तपासाच्या धंद्यावर १९६१ सालच्या यवतमाळात पोट भरणं कठीण, त्यामुळे अशील आला की ते साबण लागलेल्या गालानिशीही उठत. जोडीला उकंडा असे. पोलिसातून निवृत्त झालेला, इमानी, आणि डोक्यानं जरा सावकाश.

नेमसिंग बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्याचा नाईक. त्याची बहीण मानीबाई दारव्ह्याच्या वस्त्रसंग्रहालयात झाडलोट करत होती. जिल्ह्यातली जुनी लुगडी, जरीचे परकर, तान्ह्या पोरांच्या कुंच्या आणि टोपडी तिथं मांडली होती. मानीबाईनं आपल्या मेलेल्या आईचा पोशाख स्वतःहून नेऊन दिला होता : फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी, आणि ओढणी. त्यातली आरशा-कवड्यांची कांचळी कुणीतरी पळवून जागी नवी ठेवली होती. आळ मानीबाईवरच आला होता.

"संध्याकाळी जमादार तिले नेनार हाये," नेमसिंग म्हणाला. "ते एक डाव ठाण्यात गेली का मंग अख्खा तांडाच चोर. काल बाजारात आमच्या बायांले दुकानाच्या पायरीवर नाई चढू देलं."

पांढरीपांड्यांनी उरलेली दाढी केली आणि दुपारच्या मोटारीनं तिघं दारव्ह्याला निघाले.

संग्रहालयाच्या फाटकाशी माणसं जमली होती. नेमसिंगला पाहताच एकजण बाजूला थुंकला. या लोकांनी एरवी संग्रहालयात पाऊलही टाकलं नसतं, पण कुणाला चोर म्हणायचं असलं की गावाला वेळच वेळ असतो.

ओट्यावर मानीबाई बसली होती. पांढरीपांडे दिसताच ती उठली आणि भावाला काही सांगायला वळली. तिच्या उघड्या पाठीवर कांचळीच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. मग ती मोजकंच बोलली. आदल्या संध्याकाळी काचेच्या कपाटातल्या पुतळीला नुसता फेटिया नेसवला होता. कांचळी पायाशी घडी करून ठेवली होती. सकाळी येऊन बाकीचं तिनंच चढवायचं ठरलं होतं. पण ती आली तेव्हा पुतळी पुरी नेसलेली होती आणि कपाटाला कुलूप.

"दारातूनच दिसलं, बाहीचे आरसे नवे होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे माह्या मायची नोय. तर मलेच धरलं."

जमादार कपाटापाशी खुर्ची टाकून बसला होता. त्यानं कुरकुरत कुलूप काढलं. पुतळीची ओढणी डोक्यावरून कमरेपर्यंत आली होती, फक्त बाह्या दिसत होत्या. पांढरीपांड्यांनी ती उचलली. गळ्याखाली, अगदी मधोमध, नाड्यांची गाठ होती. त्यांनी ओढणी परत खाली सोडली.

"ही उचलून आधी कुणी पाहिलं का?"

"कायले पाहू? बायकांचे कपडे," जमादार म्हणाला.

किल्ल्या तिघांकडे होत्या. संग्रहालय सांभाळणाऱ्या इंदुताईंनी पाहुण्यांना बसाही म्हटलं नाही. आपली किल्ली पडवीतल्या खिळ्याला असते, मानीबाईला ते ठाऊक आहे, एवढं त्यांनी तीनदा सांगितलं. पुतळी तिनंच पहाटे येऊन नेसवली असणार म्हणून आपण ओढणीही सारखी केली नाही, असंही म्हणाल्या. त्यांनी कांचळीचं चित्र मात्र सुरेख काढलं होतं : पुढची बाजू एकीकडे, नाड्यांची मागची बाजू एकीकडे. कुणी ती विकत मागितली होती का, यावर त्या घुटमळल्या. मुंबईचा एक जुन्या कापडांचा व्यापारी विठ्ठलरावांकडे उतरला होता. संग्रहालयातून त्याला इंदुताईंनीच हाकलून दिलं होतं.

दुसरी किल्ली जुने कपडे दुरुस्त करणाऱ्या घनश्याम शिंप्याकडे. त्यानं मशीन थांबवलंसुद्धा नाही. पाठीकडच्या नाड्या कुजल्या होत्या, त्या आपणच बदलल्या, त्यापलीकडे त्या तांडेवाल्यांच्या भानगडीशी आपला संबंध नाही, असं त्यानं सुईकडे बघत सांगितलं.

तिसरे विठ्ठलराव. जिनिंगचे मालक आणि संग्रहालयाचे अध्यक्ष. ते आले तेच तणतणत.

"उद्या कलेक्टरसाहेब उद्घाटनाले येऊन राह्यले अन् तुम्ही चोट्टीची वकिली करता? नवी चोळी चढवली, समोर गाठ मारली, वरून ओढणी. किती वेळ लागते? मी तर त्या कपड्यांले हातबी नाही लावला."

पांढरीपांड्यांनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं. उकंडाला काहीच उमगलं नव्हतं, पण गुरकावणाऱ्या माणसांत उभं राहायची त्याला जुनी सवय होती.

"पुतळी ज्यानं नेसवली तोच चोर," पांढरीपांडे म्हणाले. "ओढणी घातली की कुणी बघणार नाही, असा त्याचा हिशेब. आता बघा."

त्यांनी ओढणी काढली. मानीबाईनं एकच नजर टाकली आणि तोंड फिरवलं. इंदुताई हळूच म्हणाल्या, "उलटी घातली आहे."

"कांचळीची पाठ उघडी असते, नाड्या मागे. आपली चोळी पुढून बांधतात, म्हणून आपल्यातल्या माणसानं हिलाही तसंच घातलं. मानीबाई जन्मापासून हे बघत आली आहे."

"तिनंच मुद्दाम उलटी घातली असन तर?" उकंडानं विचारलं. पहिल्यांदाच त्यानं बरा प्रश्न विचारला होता.

"मग ओरडली कशाला? गप्प बसती तर कुणालाच कळलं नसतं. राहिले किल्लीवाले तिघं. इंदुताईंनी मागच्या नाड्या चित्रात काढल्या आहेत. घनश्यामनं त्या शिवल्या आहेत. दोघांनी उलटी घातली नसती. विठ्ठलराव, गाठ समोर आहे हे तुम्ही मघाशी बोललात. तोवर ही ओढणी जमादारासमोर मी एकट्यानं उचलली होती."

विठ्ठलरावांनी जमादाराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"कांचळी मुंबईला गेली ना? तुमच्या पाहुण्याबरोबर?"

"एका फाटक्या चोळीपायी माही इज्जत काढता?" विठ्ठलराव म्हणाले. "तिथं जपून ठेवतीन थे. इथं कोन पाहते?"

हाच कबुलीजबाब ठरला. जमादार नाइलाजानं उठला आणि त्यांना अदबीनं, हात न लावता, बाहेर घेऊन गेला. फाटकावरची माणसं निमूट पांगली. माफी कुणीच मागितली नाही. पांढरीपांड्यांना त्या सगळ्यांचा संताप आला आणि त्यांनी तो लपवला नाही.

इंदुताईंनी मानीबाईला जवळ बोलावलं. झालं गेलं विसरावं, कांचळी मिळाली तर परत आणूच, तोवर पुतळीला नीट नेसवून द्यावं, सकाळी कलेक्टर येणार, असं त्या समजुतीनं सांगत होत्या.

मानीबाई कपाटात शिरली. तिनं नवी कांचळी सोडून खाली टाकली. मग फेटियाची नाडी सोडली, तो खाली उतरवला, ओढणीसकट त्याची घडी केली आणि काखेत धरली. पुतळीच्या अंगावर काही उरलं नाही.

"अगं, ते आता संग्रहालयाचं आहे," इंदुताई म्हणाल्या.

"तर चोरी म्हना," मानीबाई म्हणाली. "जमादार लांब नाई गेला."

ती सगळ्यांच्या मधून बाहेर पडली. नेमसिंग तिच्या मागोमाग चालू लागला.