चौथ्या मजल्याच्या दारामागून

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवू नका, माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मीही हसलो असतो.

बावीस वर्षं मी लिफ्टची कामं करतोय.

मार्चमधला मंगळवार. दुपारचे साडेतीन. सात मजली ऑफिसची इमारत. माझी बायको तिथेच चौथ्यावर कामाला होती. तिचा फोन आला, "अहो, लिफ्ट बंद पडली. अंधार झालाय..."

फोन कट झाला.

मी आणि आमचे उस्ताद, ज्यांना आम्ही काका म्हणतो, लगेच तिथे पोचलो. काका वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. मी जिन्याने चौथ्यावर धावलो.

आमचा नियम साधा. आधी मेन स्विच बंद करायचा. मग वरच्याने दोरांवरच्या रंगाच्या खुणा बघून लिफ्ट नेमकी कुठे अडकलीय ते सांगायचं. तोवर खालच्याने दाराला चावी लावायची नाही.

मी दारापाशी पोचलो...

आतून टकटक.

"अहो... मी इथेच आहे. उघडा ना."

तिचाच आवाज. अगदी दारामागे.

"घाबरू नकोस. आलोच."

"जीव गुदमरतोय हो... लवकर..."

नियम गेला खड्ड्यात. मी चावी लावली. दार चार बोटं सरकलं. आत काळोख.

मी हात आत घातला.

कुणीतरी बोटं धरली... गार.

तेवढ्यात फोनवर काका ओरडले, "दाराला हात लावू नकोस रे! लिफ्ट खाली आहे, पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये!"

माझ्यासमोर नुसती पोकळी होती.

हात हिसडून मी दार लावलं. आतली टकटक थांबली नाही...

काकांनी ब्रेक थोडा थोडा सोडला, तशी तोलाच्या वजनाच्या ओढीने लिफ्ट वर सरकत दुसऱ्यावर आली. बायको कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. जिवंत. मी सगळ्यांसमोर रडलो.

"बायको अडकली की मेकॅनिकची अक्कल गहाण पडते," काका हसले. मी दार उघडलं होतं, हे त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

घरी जाताना ती म्हणाली, "वरून सारखे काय ओरडत होतात? दार ओढ, फटीतून खाली उतर म्हणून?"

मी तसं काहीच ओरडलो नव्हतो.

"मी एक पाय बाहेर टाकलाही होता हो. मग भीती वाटली, आत घेतला."

तेव्हापासून आतल्या खोलीतून तिची हाक आली, तर मी ओ देत नाही. आधी जाऊन बघतो.

परवा गेलो...

ती गाढ झोपली होती.