जो मागे, त्याला दार

या, जरा सरकून बसा. मोबाइल पालथा ठेवा. एक गोष्ट सांगतो, आणि ती शंभर टक्के खरी आहे. माझ्या थोरल्या वहिनींच्या डोळ्यांदेखत घडलेली. वहिनींना रागवायलाच दिवस पुरत नाही, गोष्टी रचायला वेळ कुठून मिळणार?

रात्र नव्हती. भर दुपार होती.

जागा म्हणजे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीतली खोली. खिडकी नाही. एक मोठा पडदा, दोन-चार खुर्च्या, आणि मागे दार.

वहिनी तिथे गेममधली भाषा तपासायच्या. त्या गेममध्ये एक पंथ होता. त्याचा देव काल्पनिक, मठ काल्पनिक, पोथीही काल्पनिक. ती पोथी लिहिली होती बुवांनी.

बुवा ऑफिसातलेच लेखक. ‘चहा घेणार का’ हेसुद्धा चालीत विचारायचे, म्हणून बुवा. गाऊन सांगितलेलं निरूपण ज्यानं ऐकलंय त्याला ठाऊक आहे, गळ्यातून आलेला शब्द थेट आत उतरतो. बुवांचं तसंच होतं. मोठं दुखणं लागलं, तरी खोकत खोकत त्यांनी सगळ्या ओव्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या.

आणि गेले.

मग कंपनीच्या साहेबांनी काय करावं? तो आवाजच काढून टाकला. “मधेमधे खोकला येतो.” त्या जागी यंत्राचा आवाज बसवला. शेवटी पडद्यावर नावं येतात ना, त्यातूनही बुवांना उडवलं. “माणूसच नाही, तर परवानगीच्या कागदावर सही कोण करणार? नसतं लचांड नको.”

बुवांच्या बायकोनं वहिनींना एवढंच विचारलं होतं, “नाव तरी येईल ना हो?”

वहिनी म्हणाल्या होत्या, “येईल. मी आहे ना.”

त्या दिवशी संध्याकाळी गेम बाहेर पडणार होता. नाव अजून नव्हतं. वहिनींचं डोकं तव्यासारखं तापलेलं.

त्यात पोथीचा घोळ. मठाच्या शेवटच्या दाराशी खेळणाऱ्याला एक ओवी ऐकू येते. तिचा अर्थ लावला, तर दार उघडतं.

जो पुढे, त्याने थांबावे. जो मागे, त्याला दार उघडावे.

साहेब म्हणाले, “सोपं आहे. मागे म्हणजे मागतो. बटण दाबून मागायचं, दार उघडणार.”

“साहेब, आधीची ओळ वाचलीत? तिथे ‘पुढे’ आहे. मग हे मागे म्हणजे पाठीमागचा. जो मागे राहिला, त्याला आधी आत घ्या, असं म्हणतायत बुवा.”

“मॅडम, हिरोच्या मागे रिकामा बोळ आहे. कुणाला घेणार आत?”

“ज्याला तुम्ही बाहेर काढलंत त्याला.”

साहेब हसले. वहिनींनी दात-ओठ खाल्ले.

दुपारी आवाजवाल्याने बोलावलं. म्हणजे गेममधले आवाज बसवणारा पोरगेला माणूस. चेहरा पांढराफटक.

“ताई, जरा ऐका.”

हिरो बोळातून चालत होता. टप… टप… टप. थांबला.

टप…

आणखी एक पाऊल. हिरो थांबल्यावर.

“मी पावलांचा आवाज बंद केलाय, ताई. सगळाच.”

पुन्हा चालवलं.

हिरोची पावलं आता मुकी होती. मागून येणारी तेवढी ऐकू येत होती…

तेवढ्यात साहेब आले. “काय तमाशा चाललाय? प्रोग्राममधला बग असेल, सरका.” स्वतः खेळायला बसले. हिरोला तरातरा दाराशी नेलं.

आता यंत्राचा आवाज यायला हवा होता.

आधी आला… खोकला.

मग बुवा. तेच आळवणं, तोच घोगरा खर्ज. “जो पुढे… त्याने थांबावे…”

साहेबांनी बटणं दाबली. हिरो हलेना. जागच्या जागी खिळलेला.

“ही फाइल कुणी घातली परत?”

“कुणी नाही,” आवाजवाला म्हणाला. “ती आपल्याकडे नाहीच आता.”

“जो मागे…”

ओवी तिथेच थांबली.

आणि ठक… ठक… ठक.

स्पीकरमधून नाही. खोलीच्या दारावर. त्यांच्या पाठीमागे.

साहेबांनी मान वळवली नाही. “कोण आहे?”

भीती वाटायची ती जागा वहिनींच्या मनात आधीच संतापानं भरलेली होती. त्या उठल्या.

“कोण आहे म्हणून काय विचारता? तो मागे आहे, आणि मागतोयही. आता कुठल्या अर्थानं नाही म्हणणार, साहेब?”

आणि त्यांनी दार उघडलं.

कुणी नव्हतं.

पण बाहेरचं अख्खं ऑफिस उभं होतं. टाइपिंग नाही, फोन नाही. सगळे या दाराकडे बघत.

“ताई,” एकीनं विचारलं, “आत्ता खोकत कोण आलं आत?”

वहिनींनी वळून पाहिलं.

पडद्यावर मठाचं दार उघडत होतं. हिरो तसाच उभा. त्याच्या हातातली मशाल मात्र हळूच एका बाजूला झुकली… शेजारून कुणी घाईनं पुढे गेल्यासारखी.

आणि सरळ झाली.

तुम्हाला वाटेल, साहेब वरमले असतील. छे. घाम पुसला, मशीन बंद करून चालू केलं आणि संध्याकाळी गेम सोडला. बुवांच्या नावाशिवाय. काळीज नसलं की भुताचंही काही चालत नाही.

वहिनींनी त्याच दिवशी राजीनामा तोंडावर फेकला. रात्री बुवांच्या बायकोला फोन लावला.

वहिनींनी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “नाव नाही आलं ना? असू दे. हे मघाशी बोलले मला.”

“कोण… बोलले?”

पलीकडे कुणीतरी खोकलं. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी काल फोन उचललाच नाही. वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही. अजूनही पाठीशी दार असलेल्या खुर्चीवर त्या बसत नाहीत.

देव काल्पनिक असेल, पण त्याच्यासाठी एक माणूस दुखऱ्या छातीनं खरं खरं गायला. म्हणून एवढंच मागणं आहे. हात जोडाल तेव्हा त्यालाही आठवा. नाव मलाही माहीत नाही, वहिनी सांगताना रडतात. नुसतं ‘बुवा’ म्हणा.

पण मनातल्या मनात म्हणा… हाक मारली की येतात ते.