चार बोल्टांमधलं कुंकू

“मी सही करणार नाही, तेजलताई. नोकरी गेली तर गेली!”

मुलुंडच्या देवळात कीर्तन नुकतंच संपलं होतं. टाळांचा नाद अजून कानात होता. खासगी तपास करणाऱ्या तेजल सकपाळने कपाळीचा बुक्का तसाच ठेवून नीलमकडे पाहिलं.

नीलम भांडुपच्या एका लहानशा सहकारी बँकेत कर्जवसुली पाहायची. अनिरुद्ध नावाच्या कारखानदाराने कर्ज थकवलं होतं आणि तारण ठेवलेलं त्याचं मोठं मशीन गेल्या आठवड्यात चोरीला गेलं, अशी त्याची तक्रार होती. ‘माझ्या दुर्लक्षामुळे गेलं’ असं नीलमने लिहून द्यावं, हा मॅनेजर सुबोधरावांचा हट्ट.

सकाळी तेजल आणि तिचा जोडीदार नंदू कारखान्यात पोचले. ड्रिल, वजनकाटा, स्विचबोर्ड, सगळ्यांवर कुंकवाचं स्वस्तिक आणि सुकलेला झेंडू. मशीनच्या जागी जमिनीतून वर आलेले चार बोल्ट. त्यांच्या मधोमध जमिनीवरही स्वस्तिक, वर वाळकी आपट्याची पानं.

“चोर भाविक दिसतोय,” नंदू हसला.

“गेल्या दसऱ्याची पूजा आहे ती,” अनिरुद्ध म्हणाला. “कामगार करतात. मी तेव्हा गावी असतो. पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी पुसत नाही.”

बँकेत सुबोधराव ठसक्यात बोलले, “दिवाळीत अनिरुद्धला दुसरं कर्ज देताना मशीन चालू होतं. मी स्वतः पाहिलं. पुढची देखरेख नीलमची.”

“पहिलं थकत असताना दुसरं?”

“धंदा सावरावा म्हणून हो.”

तेजलने नीलमला आणि अनिरुद्धला तिथेच बोलावून घेतलं.

“पूर्वरंग झाला, आता आख्यान. मशीन उभं असताना त्याच्या बुडाखाली कुणाचा हात जाणार? कामगारांनी रिकाम्या जागेचीच पूजा केली. म्हणजे मशीन दसऱ्याआधीच गेलं होतं. आणि सुबोधराव, तुम्हाला ते दिवाळीत चालू दिसलं!”

“विकलं मी!” अनिरुद्ध ओरडला. “पण दुसरं कर्ज यांनीच गळ्यात मारलं. त्यातूनच पहिल्याचे हप्ते कापून घेतले!”

“आयला, पण असं कशाला करायचं?” नंदू चक्रावला.

“कर्ज बुडीत दाखवलं,” तेजल म्हणाली, “की बँकेला तोटा सोसायला पैसा बाजूला काढावा लागतो. तो भांडवलातून जातो, आणि इथे भांडवलच उरलेलं नाही. हे कळलं असतं तर रिझर्व्ह बँकेने नवी कर्जं थांबवली असती. आता दुसरंही थकलं, लपवायला जागा संपली. म्हणून चोरीचा बनाव, आणि म्हणून दोष नीलमवर.”

सुबोधराव ताडकन उठले. “बोला हे बाहेर! उद्या दारात ठेवीदारांची रांग लागेल, बँक बसेल. नीलम, तुझ्या आईची ठेव इथेच आहे ना?”

“आहे. म्हणूनच.”

नीलमने बँकेच्या ऑडिटरना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल सुबोधरावांपुढे ठेवला.

“बोला साहेब. की मीच सांगू?”