आक्काताईंच्या कानातलं मशीन

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी. रोज सामायिकाला, म्हणजे जपध्यानाला, बसणाऱ्या बाईनं खोटं लिहू नये, एवढं मला कळतं.

गेल्या वर्षीची, दिवाळी होऊन गेल्यानंतरची. सांगलीजवळ माधवनगरला. आणि रात्रीची नाही बरं का...

दिवस मावळतानाची.

आक्काताई नात्यानं माझ्या मावशी. सत्तरीच्या घरातल्या. ऐकणं जवळजवळ गेलेलं. घरामागच्या शेडमध्ये त्यांच्या मालकांचे, कल्लाप्पांचे, यंत्रमाग होते. लग्न होऊन आल्यापासून त्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरण्यात बाईची उमर गेली. मागावरची माणसं एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलतात, कारण आवाज काढून उपयोगच नसतो. आक्काताईंना ही ओठ वाचायची विद्या अशी साधली, की कान कधी गेले ते त्यांनाच उशिरा कळलं. समोरच्याचं तोंड दिसलं की सगळं समजायचं.

तोंड वळलं, की जग बंद.

पुढं माग विकले. कल्लाप्पांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची खाट मागच्या खोलीत गेली. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तेही मावळतीलाच. आक्काताई खाटेच्या पायथ्याशी बसून, डोळे मिटून णमोकार जपत होत्या. रोजचा नेम. डोळे उघडले, तर कल्लाप्पा गेलेले.

"जप कानावर पडत असताना गेले. असलं मरण मागून मिळत नाही," बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, सगळे म्हणाले.

आक्काताई त्या एका वाक्यावर जगत होत्या.

खाटेखाली तांब्या कलंडलेला होता... आणि फरशी मात्र कोरडी होती.

तेव्हा तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्यांचा मुलगा आर्जव कराडकडं साखर कारखान्यात. रविवारी यायचा. घरात सून कीर्ती आणि पहिलीतली नात प्रियदर्शनी. ह्या नातीचा आवाज आक्काताईंनी जन्मात ऐकला नव्हता. "एकदा पोरीचं बोलणं कानानं ऐकू दे, मग मी मेले तरी चालंल," असं त्या बोलून दाखवायच्या. शेवटी आर्जवनं मनावर घेतलं. कीर्ती त्यांना घेऊन सांगलीला, कानाची मशीनं बसवतात तिथं गेली.

तिथला वीरधवल नावाचा मुलगा मोठा गुणी. आजीच्या समोर तोंड करून, सावकाश बोलायचा.

"आजी, तुमचं ऐकणं लय खाली गेलंय. तुमाला ताकदीचंच मशीन लागणार. कानामागं बसणारं."

कीर्तीनं काचेखालचं शेंगदाण्याएवढं मशीन दाखवलं. "हे बघा की. कानात गेलं की दिसत पण न्हाई."

"दिसणार न्हाई आणि ऐकू पण येणार न्हाई, वहिनी. एवढ्याशा जिवात ताकद कुठली?"

"पण म्हातारपणी एवढी ताकद कशाला म्हणते मी? जुजबी ऐकू आलं की झालं."

वीरधवल हसला. त्यानं आक्काताईंच्या कानात लगदा भरून साचा घेतला. साचा घट्ट बसला नाही तर मशीन शिट्टी मारतं, म्हणाला.

साचा तयार झाल्यावर पुन्हा गेल्या. जाड भिंतींच्या एका बंद खोलीत, बाहेरचा एक आवाज आत येत नाही अशा जागी, त्यानं एकेक मशीन लावून बघितलं. पहिल्यात नुसती गुणगुण. दुसऱ्यात कुणीतरी लांब विहिरीच्या तळाशी बोलतंय असं. तिसरं लावलं आणि त्यानं स्वतःच्या तोंडापुढं कागद धरला. ओठ दिसू नयेत म्हणून.

"आजी, जेवलासा का?"

आक्काताईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "जेवले रं बाळा. जेवले."

तेवढ्यात...

खर्र. खर्रर्र.

"फरशीवर तांब्या कोण सरकवालंय?" त्यांनी विचारलं.

खोलीत तांब्या नव्हता. फरशीवर जाड गालिचा होता.

"कान लय वर्षांनी उघडलाय, आजी," वीरधवल म्हणाला. "सुरुवातीला डोकं कायबाय ऐकतंय. आठवडाभर घरी वापरून बघा, मग ठरवू."

काचेपलीकडं कीर्ती उभी होती. तिनं पदर तोंडावर धरला होता.

ओठ दिसत नव्हते.

घरी आल्या तर प्रियदर्शनी उंबऱ्यातच. आजीच्या पाठीमागं जाऊन हळूच म्हणाली, "आजी म्हातारी बोकी."

"कोण गं बोकी? भवाने!"

पोरगी किंचाळलीच. "आईऽऽ! आजीला ऐकू आलं! आता हिला मागनं काय म्हणता पण येणार न्हाई!"

"म्हणजे आजवर म्हणत हुतीस व्हय?"

दोघी हसून हसून बेजार. उरलेला दिवस आक्काताईंनी नातीला गप्प म्हणून बसू दिलं नाही. पाढे म्हण, स्तोत्र म्हण, शिव्या दे पण बोल.

मग दिवस कलला. मावळायच्या आत जेवणं उरकली, कारण त्या घरात मावळतीनंतर पाण्याचा घोट नाही. आक्काताई मागच्या खोलीत जपाला बसल्या. रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी. मशीन कानातच होतं. डोळे मिटले.

खाट करकरली.

त्यांना वाटलं, नात येऊन बसली.

खर्र... तांब्या सरकला.

मग अगदी जवळून, जड जिभेनं, अर्ध्या तोंडातून आलेला आवाज...

"आक्के... पाणी."

त्यांनी डोळे उघडले. खाट रिकामी. गादी गुंडाळलेली. नात पुढं अंगणात खेळत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. हाक तरीही आली. "आक्के... आक्के गं... पाणी." एकदा नाही, दहादा नाही. अंधार पडेपर्यंत. घसा सोलवटत गेल्यासारखा आवाज बारीक होत गेला आणि तुटला. आक्काताईंच्या हातातली जपमाळ ओली झाली होती, घामानं.

आजवर जे मरण त्या शांत समजत होत्या, ते असं होतं. त्या हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. डोळे मिटून.

तिसऱ्या दिवशी व्रत बाजूला ठेवून त्यांनी पाणी गाळलं, तांब्या भरला आणि खाटेशी ठेवला. पन्नास वर्षांत मावळतीला पाण्याला हात लावला नव्हता. नमस्कार करून बसल्या.

हाक आली. पण आज तिच्या मागून दुसरा आवाज आला. तरुण. बाईचा.

"दिवस मावळला, मामंजी. आता पाणी न्हाई. सारखं पाणी पाजायचं आन् सारखी अंथरुणं कुणी धुवायची?"

समोर दारात कीर्ती उभी होती, हातात विरजणासाठी झाकलेलं दूध घेऊन. तिचे ओठ मिटलेले होते.

आवाज तिचाच होता.

"मारा हाका. आत्या इथंच बसल्यात की, बघा. त्यास्नी ऐकू येतंय व्हय?"

आणि हसू. बारीकसं.

व्रत आपल्या जिवासाठी असतं हो, दुसऱ्याच्या घशासाठी नसतं. आजाऱ्याला तर शास्त्रानंही मोकळीक दिलीय. पण हे तिला कोण सांगणार?

"कीर्ती," आक्काताई म्हणाल्या, "त्यांनी पाणी मागितलंतं?"

"कुणी?"

"जाताना."

"काय तरीच काय, आत्या. त्या मशीननं डोकं फिरलंय तुमचं. उद्या परत देऊन येऊ या."

आक्काताईंनी कानातून मशीन काढलं. "घाल कानात."

"मला काय करायचंय?"

"घाल म्हणते न्हवं."

साचा दुसऱ्याच्या कानाचा. कीर्तीच्या कानात कसा बसणार? मशीन नुसतं शिट्टी मारू लागलं. हे शिट्टी ऐकून अंगणातून धावत आलेल्या प्रियदर्शनीनं नंतर सांगितलं, कारण आक्काताईंना आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त सुनेचं तोंड दिसत होतं.

शिट्टी चालू होती...

मग एकाएकी थांबली.

कीर्तीचा चेहरा पांढराफटक पडला. ती खाटेकडं बघत होती. ओठ हलू लागले आणि आक्काताईंनी ते एकेक अक्षर वाचलं.

"देते. आत्ता देते. हात सोडा, मामंजी."

तिनं मशीन ओरबाडून फेकलं आणि पळाली. मनगटावर चार बोटांचे वळ होते. ते प्रियदर्शनीनंही बघितले.

त्यानंतर कीर्तीला मशीनची गरज उरली नाही. दिवस कलला की ती कानांत कापूस कोंबायची, वर टॉवेल बांधायची. आर्जव रविवारी आला तेव्हा त्याच्या पायाशी बसली, "मला कराडला न्या." तो म्हणाला, "आईला एकटी टाकू व्हय?"

आठवडा संपला तशा आक्काताई नातीला घेऊन, रिक्षा करून सांगलीला गेल्या.

"काय आजी, ठेवायचं ना हे? का ताकद कमी करू?" वीरधवलनं विचारलं.

"कमी नको. हेच दे. नातीचं बोलणं लख्ख ऐकू येतंय." मग म्हणाल्या, "आन् ह्याचं एक बरं हाय बघ. पायजे तवा काढून ठेवता येतंय."

त्या दिवशी मावळतीला त्यांनी एकदाच मशीन लावून कानोसा घेतला. खाट करकरली. तांब्या सरकला. हाक आली.

आता "आक्के" नव्हती.

"कीर्ती..."

मी माघ महिन्यात त्यांच्याकडं गेले होते. दुपारभर आक्काताई नातीशी हसत बोलत होत्या. कीर्ती मात्र ओळखू येईना. हाडं वर आलेली, दोन्ही मनगटांना फडकी बांधलेली. ऊन भिंतीवरनं उतरू लागलं तशी ती उठली. कुणीतरी ओढत नेल्यासारखी, पाय घासत मागच्या खोलीत गेली. दार आपोआप लागलं.

आक्काताईंनी मशीन काढलं, डबीत ठेवलं. बाहेरच पाट मांडला, माळ घेतली, डोळे मिटले.

आतून दारावर धडका बसू लागल्या. "आत्या! आत्याऽऽ! दार उघडा, पाणी..."

मी उठले. दार ओढलं. बाहेरून कडी नव्हती, तरी ते हललं नाही. प्रियदर्शनी आजीच्या गुडघ्याला गदागदा हलवत होती. "आजी, आई हाका मारालीय! आजी गं!"

आक्काताईंनी डोळे उघडले, नातीच्या ओठांकडं बघितलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला ऐकू येत न्हाई, बाळा."

आणि पुन्हा डोळे मिटले.

अंधार पडल्यावर दार आपणहून उघडलं. कीर्ती जिवंत होती. फरशीवर बसली होती, मांडीत तांब्या. कोरडा. "उद्या परत," एवढंच ती म्हणाली.

मी अजून रोज मावळतीला जपाला बसते. पण डोळे मिटायचं धाडस होत नाही. आणि आता तर...

माळेच्या मधल्या मण्यावर आले, की कुठंतरी फरशीवर तांब्या सरकतो.

माझे कान चांगले आहेत.